बाई उभी आहे, बाजूनं जा

अकोल्यात उन्हाळा डोळ्यांना दिसायच्या आधी कानांना कळतो. होळीच्या आसपास एखाद्या सकाळी कोणाच्या तरी खिडकीत घर्रर्र होतं, थांबतं, पुन्हा होतं, आणि आतून कोणीतरी ओरडतं, "अबे, पाणी टाक ना आधी!" झालं. त्या घरचा कूलर माळ्यावरून उतरला. बघता बघता सगळी गल्ली घरघरायला लागते आणि मृग लागेपर्यंत थांबायचं नाव घेत नाही. पुण्याची माझी नणंद एकदा मे महिन्यात आली होती. "एवढ्या आवाजात तुम्ही झोपता तरी कशा गं?" म्हणाली. म्हटलं, बाई, तो आवाज थांबला की आम्हाला जाग येते!

काल आमच्याकडे कूलरच्या ताट्या बदलल्या. जुन्या ताट्या वर्षभरात वाळून खडखडीत झालेल्या, हात लावला की नुसता भुगा. नव्या खसाच्या ताट्यांवर पहिलं पाणी पडलं आणि तो ओला, मातकट, गार वास घरभर पसरला. नवरा म्हणाला, "आता कुठं माणसात आलो." मीही कूलरसमोर तोंड धरून उभी राहिले. मग काय झालं कोणास ठाऊक, मी बटण बंद केलं. "काहून? शॉक लागला का?" त्याने विचारलं. म्हटलं, नाही, जरा ऐकू दे. "काय ऐकू दे?" काहीच नाही, नुसतं ऐकू दे. शाळेत पोरांना शिकवून शिकवून बायकोचं डोकं फिरलं, असा चेहरा करून तो चहा टाकायला गेला.

त्याला काय सांगू! खसाचा वास आला की मला एक उन्हाळा आठवतो. तो आठवला की मी अजूनही थक्क होते आणि कूलर बंद करून थोडा वेळ तशीच उभी राहते.

माझं माहेर बडनेऱ्याचं. बाबा तिथल्या स्टेशनवर तिकीटखिडकीत होते. दिवसभर डोक्यावर भोंगा. "त्या भोंग्याचं एक अक्षर समजत नाही, अन् लोकं येऊन मलेच इचारतात, गाडी कोणत्या फलाटावर येऊन राहिली," ही त्यांची नोकरीभराची तक्रार. म्हणूनच की काय, घरी आल्यावर त्यांना आवाज असा लागायचा की शब्द न् शब्द धुतलेला. समोरच्या खोलीत त्यांचा ॲम्प्लिफायर आणि दोन मोठे लाकडी स्पीकर होते. आधी कॅसेटी, मग सीडी. घरात पाहुण्यांना झोपायला गादी नसली तरी चालेल, पण स्पीकरवर धूळ चालायची नाही.

लहानपणी एकदा त्यांनी मला समोरच्या वेताच्या खुर्चीत बसवलं. दोन स्पीकर दोन कोपऱ्यांत आणि त्यांच्यापासून सारख्या अंतरावर ती खुर्ची. म्हणाले, "डोळे मीट. आता सांग, बाई कोठी उभी आहे?" गाणं सुरू झालं. तबला डावीकडे, सारंगी उजवीकडे, आणि गाणारी बाई बरोब्बर मधोमध, माझ्या नाकासमोर! मी डोळे उघडले. तिथे कोणीच नव्हतं. भिंत होती आणि भिंतीवर चुन्याचा पोपडा. मी उठून त्या रिकाम्या जागेत हात फिरवून पाहिला. बाबा किती हसले असतील त्या दिवशी! नंतर मी विज्ञान शिकले, आता शिकवतेसुद्धा. दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज सारखाच आला की दोन्ही कानांत तो एकाच वेळी पोचतो आणि मेंदूला वाटतं की तो मधून आला. पोरांना मी हे फळ्यावर आकृती काढून सांगते. पण खरं सांगू का, आकृती काढतानाही माझ्या हाताला ती रिकामी हवा आठवते आणि अंगावर काटा येतो.

त्यामुळे आमच्या घरात एक कायदा होता. गाणं सुरू असताना दोन स्पीकरच्या मधून कोणी जायचं नाही. गेलंच तर बाबांची हाक ठरलेली, "हे! बाई उभी आहे, बाजूनं जा!" आम्ही भावंडं भिंतीला पाठ घासत बाजूने जायचो. सुमेध, माझा धाकटा भाऊ, एकदा मुद्दाम मधून गेला आणि वरून म्हणाला, "सॉरी बाई, धक्का लागला." बाबांनी त्याला धपाटा घातला, पण स्वतःही हसले. घर केवढं? खाटेखाली पेट्या, पेट्यांवर गाद्या, गाद्यांवर आम्ही. पण ती मधली जागा कायम मोकळी. आई तिथे साधा पाटसुद्धा ठेवत नसे. झाडून, पुसून, रिकामी ठेवायची, देव्हाऱ्यापुढची जागा ठेवावी तशी.

संध्याकाळी बाबा खुर्चीत बसायचे आणि आई त्यांच्या डाव्या हाताला बुटक्या मोढ्यावर, मांडीवर निवडायची भाजी. बायकोने नवऱ्याच्या डाव्या बाजूला बसायचं हे कोणाच्या डोळ्यात खुपायचं काही कारणच नव्हतं. गाणं रंगात आलं की बाबा हात लांब करून रिकाम्या जागेकडे दाखवायचे, "दिसली का?" आणि आई म्हणायची, "हो तं. दिसली." मला तेव्हा वाटायचं, नवरा-बायकोचं असं असावं. अजूनही वाटतं.

फक्त उन्हाळ्यात आईचं काहीतरी बिनसायचं.

कूलर लागला की सगळं घर दुपारी समोरच्या खोलीत गोळा होई. टरबूज कापलेलं, माठातलं पाणी, पत्त्यांचा डाव, मामा-मावश्यांची पोरं, नुसता दंगा. आई मात्र स्वयंपाकघरात. वर पत्रे, बाहेर शेचाळीस-सत्तेचाळीस डिग्री, आणि ही बया पदराने वारा घेत वाळवणाच्या खारोड्या उलथवत बसलेली. "आई, इकडे ये ना, कूलरमध्ये!" तर म्हणायची, "नाही बापा. मले कूलरनं अंग धरते." बोलायचीही कमी. दोनदा विचारलं की एकदा उत्तर, तेही भलतंच. आम्ही आपसात ठरवून टाकलं होतं की आईला ऊन बाधतं, आईचा स्वभाव उन्हाळ्यात चिडका होतो. मावशी तर म्हणायची, "तिचं लहानपणापासूनच तसं आहे, घुमी आहे थे."

आणि लाइन गेली की काय व्हायचं सांगू? एकदम सगळ्या मोहल्ल्याचे कूलर बंद. ती शांतता विदर्भाबाहेरच्या माणसाला समजायची नाही. कान अचानक मोठे झाल्यासारखे वाटतात. रुळांवरून दूर कुठेतरी डबे शंटिंग करत असतात, तेही ऐकू येतं. आम्ही सगळे वीजवाल्यांच्या नावाने बोटं मोडत घामाघूम होऊन बसायचो, आणि तेवढ्यात आतून आई यायची. हात पुसत, हसत. दारात टेकायची आणि सुरू! माहेरच्या गोष्टी, मूर्तिजापूरकडच्या तिच्या गावच्या, शकुंतला नावाच्या छोट्या आगगाडीत बसून लग्नाला गेलेल्या वऱ्हाडाच्या. अशा रंगवून सांगायची की आम्हाला घामाचा विसर पडायचा. लाइन आली, कूलर घरघरला, की ही उठून पुन्हा आत. सुमेध म्हणायचा, "आई लाइटवर उलटी चालते." आम्ही खो खो हसायचो. इतकं समोर होतं हो सगळं! इतकं समोर, आणि कोणाच्या लक्षात आलं नाही.

बाबांचं गाणं मात्र उन्हाळ्यातही कूलर बंद करूनच चालायचं. "घर्र घर्र करत बाई गाईन का?" आणि त्या वेळी आई न बोलावता येऊन मोढ्यावर बसायची. आम्हाला वाटायचं, काय गाण्याची आवड आहे हिला!

तर तो उन्हाळा. बाबा निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. सुमेध अमरावतीला नोकरीला, पण राहायला आई-बाबांजवळच. मी सुट्ट्यांची माहेरी गेलेली. स्टेशनवरून रिक्षा करून दारात उतरले तर घरात युद्ध पेटलेलं. सुमेधने होम थिएटर आणलं होतं. एक मोठा रिसीव्हर, मागे लावायचे दोन छोटे स्पीकर, कोपऱ्यात ठेवायचा वूफर, आणि मधे ठेवायचा एक लांबट डबा.

"सिनेमा पाहाले एवढे डबे कायले लागतात? सिनेमा डोळ्यानं पायतात," बाबा म्हणाले.

"बाबा, एका खोलीत दोन-दोन सिस्टिम नाही मावत. मी दोन्ही एक करून देतो. तुमचे स्पीकर तेच, तुमचा ॲम्प्लिफायर तोच. सिनेमा लावला की रिसीव्हर पुढचा आवाज तुमच्या ॲम्प्लिफायरला देईल. गाणी लावली की रिसीव्हर बंद, फक्त तुमचं तुम्ही. मधे कोणी नाही."

हे बाबांना आत कुठेतरी पटलं होतं, कारण त्यांनी चष्मा लावून वायर पाहायला घेतली. पण मग तो लांबट डबा त्यांच्या हाताला लागला.

"अन् हे?"

"सेंटर. सिनेमातलं बोलणं यातून येते. हे मधात ठेवायचं, टीव्हीखाली."

"मधात?" बाबांनी डबा परत खोक्यात घातला. "मधात नाही. मधात डबा ठेवला तं बाई कोठी उभी राहीन?"

सुमेधने कपाळाला हात लावला. मी तोंडात पदर कोंबून हसले. शेवटी तडजोड झाली. डबा खोक्यातच राहणार आणि बोलणं पुढच्या दोन स्पीकरमधूनच येणार, बाबांच्या बाईसारखं, रिकाम्या जागेतून. टीव्ही मधल्या खोलीतून उचलून समोरच्या भिंतीवर लागला. मग सुमेध म्हणाला, आता मोजमाप. एक छोटा माइक खुर्चीच्या जागी उभा करायचा, रिसीव्हर एकेका स्पीकरमधून आळीपाळीने आवाज सोडतो, आणि खोलीचा अंदाज घेऊन स्वतःच सगळं जुळवतो. तोवर खोलीत चूं की चां नको. कूलर बंद, पंखे बंद, खिडक्या बंद.

कूलर बंद झाला आणि सवयीप्रमाणे आई आतून आली. मोढ्यावर टेकली. "काय करून राहिले?"

"गंमत ऐक आता," बाबा म्हणाले. त्यांनाही चेव आला होता.

फुर्रर्र असा आवाज डाव्या स्पीकरमधून आला. आम्ही सगळ्यांनी माना डावीकडे वळवल्या. आमच्याकडे पाहून आईनेही. मग उजवीकडून. पुन्हा सगळ्यांच्या माना, आणि मग आईची. खोलीत असा उकाडा की डोळ्यांत घाम उतरत होता. आईने पदर घेऊन तोंड पुसायला सुरुवात केली, पदर डोळ्यांवर होता, आणि तेवढ्यात मागच्या डाव्या कोपऱ्यातून आवाज आला. पदराआडून आई उजव्या भिंतीकडे वळली. पूर्ण वळली, कोणी हाक मारावी तशी.

बाबांनी ते पाहिलं. मीही पाहिलं.

मोजमाप संपल्यावर बाबा म्हणाले, "सुमेध, पुन्हा लाव." मग आईला म्हणाले, "अवं, पदर घे डोळ्यावर. अन् सांग, आवाज कोठून येते."

"काहून? पोरखेळ आहे का?"

"सांग तं."

आईने पदर घेतला. डाव्या स्पीकरमधून आवाज आला. "उजवीकडून." मागून आला. "उजवीकडून." प्रत्येक वेळी तेच. सुमेधने आवाज थांबवला. आईने पदर काढला, आमची तोंडं पाहिली, आणि तिला समजलं.

"लहानपणी गालफुगी झाली होती मले," ती म्हणाली. इतक्या साध्या आवाजात, जणू कोणाच्या लग्नाचं सांगते आहे. "तवापासून डावा कान गेला. पाहाले येनार होते तवा माही माय म्हणे, कोणापाशी बोलजो नोको. मंग राहूनच गेलं."

"एवढी वर्षं?" बाबा.

"एका कानानं सगळं होते की. नुसतं गलबल्यात समजत नाही. कूलरमंधी तं काहीच नाही. आता उजवाही थोडा मंद झाला वाटते."

मला एकदम स्वयंपाकघरातले पत्रे आठवले. अंग धरतं म्हणे! ती आयुष्यभर त्या भट्टीत का बसली, लाइन गेल्यावर हसत बाहेर का यायची, डाव्या बाजूलाच का बसायची, फोन कायम उजव्याच कानाला का, आणि रात्री खिडकीबाहेरून मालगाड्या धडधडत असताना उजव्या कुशीवर अशी गाढ कशी झोपायची. सगळं एका क्षणात समोर येऊन उभं राहिलं. मी रडले. लपवायचं काय त्यात.

बाबा रडले नाहीत. ते चिडले. म्हणजे चिडल्यासारखे दिसले. "अन् मी रोज इचारत होतो ना, दिसली का, दिसली का? एका कानानं थे बाई दिसतच नाही! मंग तू हो काहून म्हणत होती?"

आई त्यांच्याकडे पाहून हसली. अगदी नव्या नवरीसारखं लाजून हसली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

"मी कवा तिकडं पाहो? मी तुमचं तोंड पायत होती. तुमाले दिसली की तोंडावर येई तुमच्या. मंग मी म्हणो, दिसली."

बाबा उठले आणि उन्हात, डोक्याला शेलासुद्धा न बांधता, बाहेर वट्ट्यावर जाऊन बसले. सुमेध वायरी गुंडाळत राहिला, उलगडत राहिला. मी आईजवळ गेले तर ती म्हणाली, "लावा आता कूलर, पोरगं घामानं भिजलं," आणि उठून आत गेली.

आवाज रिकाम्या जागेतून येतो याचं मला लहानपणापासून नवल. पण इथे तर एक बाई आयुष्यभर ती रिकामी जागा झाडत होती, पुसत होती, कोणाला तिथून जाऊ देत नव्हती. आणि त्या जागेत जे उभं राहायचं ते तिला तिथून एकदाही ऐकू आलं नव्हतं! तरी त्या खोलीतलं सगळ्यात जास्त कदाचित तिनेच पाहिलं असेल. मी कितीही आकृत्या काढल्या तरी हे माझ्या फळ्यावर मावत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर समोरच्या खोलीत खुडबूड. बाबा जमिनीवर मांडी घालून बसलेले, बाजूला फोडलेलं खोकं, आणि तो लांबट डबा त्यांच्या मांडीवर. धोतराच्या सोग्याने पुसत होते. मग त्यांनी तो उचलला आणि दोन स्पीकरच्या बरोब्बर मधे, त्या जागेत, ठेवला. मागे सरकून पाहिलं. पुन्हा जाऊन जरा तिरका होता तो सरळ केला.

"बाबा," सुमेध म्हणाला, "बाई कोठी उभी राहीन आता?"

"राहीन थोडी सरकून," बाबा म्हणाले. "तिले काय होते?"

सुमेधने वायर जोडली आणि सांगितलं की या डब्याचा आवाज वेगळा वाढवता येतो. गाड्या उडू देत, ढोल वाजू देत, बोलणं त्यातून वेगळं, ठळक येईल. बाबांनी रिमोट त्याच्या हातातून घेतला. "वाढव म्हणजे कोणतं बटण? हे?" आणि वाढवत गेले. सुमेध म्हणाला, एवढं नको, बॅलन्स जातो. "जाऊ दे!" बाबा म्हणाले. हयातभर दोन स्पीकरचं अंतर दोरीने मोजणारा हा माणूस!

दुपारी त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन हाक मारली. आईच्या उजव्या बाजूला उभं राहून, हे मी पाहिलं. "चाल. सिनेमा आहे."

"कूलर सुरू आहे ना? मले नाही सोसत."

"चाल म्हटलं तं."

आई आली. मोढा बाबांनी बाजूला सारला आणि तिला वेताच्या खुर्चीत बसवलं. त्यांच्या खुर्चीत! ते स्वतः मोढ्यावर, तिच्या उजव्या हाताला. कूलर पूर्ण जोरात, ताट्यांवरून पाणी टपटपतंय, बाहेर गल्लीभर घरघर. जुना विनोदी सिनेमा होता, आम्ही सगळ्यांनी दहादा पाहिलेला. आईनेही आमच्यासोबत पाहिलेला. ती नेहमी हसायची, पण आमच्यानंतर हसायची. आम्ही हसलो की आमच्याकडे पाहून, एक श्वास मागून. ती तिची रीतच आहे, असं आम्ही धरून चाललो होतो.

पडद्यावर सासरा जावयाला काहीतरी म्हणाला, पुटपुटत, मान खाली घालून. तो विनोद आम्हाला पाठ होता, आमचं हसू ओठांवर आलेलं होतं, आणि त्याच्या आधीच खोलीत कोणीतरी खळखळून हसलं. आई! पदर तोंडाला न लावता, मान मागे टाकून. "काय मेला, काय बोलते!" म्हणाली. मग मी हसले, सुमेध हसला, आणि आमचं हसणं थांबत आलं तेव्हा कुठे बाबा हसले.

त्यांना उशीर झाला, कारण ते पडद्याकडे पाहतच नव्हते.